चुकांचा रकाना

कोणाचाही पक्ष न घेता पाहणे हेच ज्याने जन्मभर आपले काम मानले, त्याने साठी उलटल्यावर एका संघाची गडद तांबडी टोपी डोक्यावर घालून उन्हात टाळ्या पिटीत बसावे, यात थोडा विनोद आहे हे मला मान्य आहे. ती टोपी मी विकत घेतलेली नव्हती. मुलाने स्वतःच्या डोक्यावरची काढून माझ्या डोक्यावर ठेवली होती. मला ऊन लागू नये, एवढाच त्याचा हेतू. पण टोपी घातली की माणूस कोणत्या तरी बाजूचा होतो. प्रवेशद्वाराशी उभी असलेली एक अनोळखी वृद्धा माझ्याकडे पाहून म्हणाली, "आज आपण जिंकायला हवे," आणि त्या 'आपण'मध्ये माझीही गणना झाली.

ही गोष्ट २०२५ सालच्या वसंतातली. मुलाकडे काही आठवडे राहण्यासाठी आम्ही उभयता बडोद्याहून कॅलिफोर्नियाला गेलो होतो. मुलगा स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकला आणि पुढे तेथून जवळच स्थिरावला. एका रविवारी सकाळी त्याने सहज विचारले, "बाबा, आज दुपारी आमच्या कॉलेजची बेसबॉलची मॅच आहे. येता?" मी खेळांचा माणूस नव्हे. १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ज्या गावात ५७७ धावांची भागी रचली, त्या गावात आयुष्य काढूनही मैदानाची वाट मी क्वचितच धरली. पण त्या दिवशी 'नाही' म्हणायला माझ्यापाशी कारण नव्हते. टेबलावर तपासायची मुद्रिते नव्हती, कोणत्याही चर्चासत्राचा निबंध अपुरा नव्हता. मी 'येतो' म्हणालो, आणि खरोखरच गेलो.

ज्या आवारातून आम्ही चालत होतो, त्या विद्यापीठाचे अधिकृत नाव लेलँड स्टॅनफर्ड ज्युनियर विद्यापीठ असे आहे. हा 'ज्युनियर' कोणी विद्वान नव्हता, दाताही नव्हता. तो पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. रेल्वेच्या व्यवसायात अपार संपत्ती मिळवलेल्या लेलँड स्टॅनफर्ड आणि त्यांच्या पत्नी जेन यांचे ते एकुलते एक अपत्य. युरोपच्या प्रवासात, १८८४ च्या मार्चमध्ये, फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने त्याचा अंत झाला. त्याच्या स्मरणार्थ आईवडिलांनी पुढच्याच वर्षी, जेथे त्यांची घोड्यांची पैदास चाले त्या विस्तीर्ण जमिनीवर, या विद्यापीठाची स्थापना केली. १८९१ मध्ये अध्यापन सुरू झाले. लोक अद्यापही या आवाराला 'फार्म' म्हणतात. ताडवृक्षांच्या रांगा आणि पिवळसर दगडाच्या कमानी पाहताना मनात येत होते की, ही सगळी वास्तू म्हणजे एका बापाने मुलाला उशिरा दिलेला वेळ आहे. हा विचार मी बोलून दाखवला नाही. मुलगा पुढे झपझप चालत होता आणि मला त्याची पाठ दिसत होती.

स्टेडियमचे नाव 'संकन डायमंड'. बेसबॉलच्या मैदानाचा गाभा म्हणजे टोकावर उभा केलेला एक चौरस, पत्त्यांमधल्या चौकटच्या चिन्हासारखा. म्हणून तो 'डायमंड'. आणि तो 'संकन', म्हणजे खाली गेलेला, कारण तो एका खड्ड्यात आहे. शेजारच्या भव्य फुटबॉल स्टेडियमसाठी १९२१ मध्ये मातीचे बांध घालावे लागले. ती माती येथून उपसून नेली गेली. मागे जो खोलगट भाग उरला, त्यात १९३१ साली बेसबॉलचे मैदान वसले. एकाचे वैभव उभारताना जी पोकळी निर्माण झाली, तीत दुसऱ्याने घर केले. आसने सुमारे चार हजार, भोवती निलगिरीची उंच झाडे. बाहेरून येणारा प्रेक्षक वरून आत शिरतो आणि पायऱ्या उतरत खाली जातो. चढून जाण्याऐवजी उतरून जाण्याची ही जागा मला प्रथमदर्शनीच आवडली. तिकिटे काढताना मुलाने एक कथा सांगितली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर येथे विद्यार्थी असताना बेसबॉल संघाचे व्यवस्थापन पाहत. माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन व्याख्यानांसाठी आलेले असताना सामन्याला तिकीट न काढताच जाऊन बसले. तेव्हा विद्यार्थी हूवर यांनी त्यांच्याकडून पंचवीस सेंट वसूल केले, असे सांगतात. प्रेक्षक म्हणून आत शिरले की माणसाची बाकीची बिरुदे गळून पडतात, याची ही बरी आठवण होती. माझी पीएच.डी. मी मनातल्या मनात फाटकाबाहेर ठेवली.

आम्ही पहिल्या बेसच्या बाजूला बसलो. मुलाने पिशवीतून एक छापील तक्ता आणि टोक केलेली पेन्सिल काढली. आसपासची बहुतेक माणसे शेंगा सोलीत होती. माझा मुलगा सामन्याची नोंद ठेवणार होता. ही सवय त्याला येथेच विद्यार्थिदशेत लागल्याचे त्याने सांगितले. मला याची मुळीच कल्पना नव्हती. ज्याच्या शालेय वह्यांवर मी कव्हरे घातली, त्याचे मोजून-मापून काढलेले हे बारीक अक्षर मी कित्येक वर्षांनी पाहत होतो.

खेळाचे व्याकरण मी त्याच्याकडून शिकलो. नऊ डाव, प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. फलंदाजाने तो टोलवून चार बेसची प्रदक्षिणा पुरी केली की एक धाव. दर दोन बेसमध्ये ९० फूट. क्षेत्ररक्षकांना नावांबरोबर अंकही असतात: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३ आणि शॉर्टस्टॉप ६. '६-३' असे दोन अंक लिहिले की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला व गडी बाद झाला, हे सारे वाक्य त्यात आले. पाणिनीच्या सूत्रांवर पोसलेल्या माणसाला ही काटकसर आवडल्यावाचून कशी राहील? फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला की तक्त्यात इंग्रजी 'के' हे अक्षर लिहितात. आणि तिसरा चेंडू त्याने बॅट न हलवता नुसताच पाहिला असेल, तर तेच अक्षर उलटे लिहितात. फसलेला प्रयत्न आणि न केलेला प्रयत्न यांच्यासाठी दोन वेगळ्या खुणा असाव्यात, ही सूक्ष्मता आमच्या समीक्षेलाही नेहमी साधलेली नाही.

या नोंदशास्त्राचा जनक हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार. अमेरिकेत तो आधी क्रिकेटचे वृत्तान्त लिहीत असे. पुढे बेसबॉलकडे वळला आणि १८५९ च्या सुमारास त्याने सामन्याचा गोषवारा एका तक्त्यात बसवण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे आपला व त्यांचा खेळ यांच्यामध्ये एक समीक्षकच उभा आहे म्हणायचा.

महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये १९७४ पासून धातूच्या बॅटींना मुभा आहे. त्यामुळे फटक्याचा आवाज लाकडाच्या ठोक्यासारखा येत नाही. तांब्याच्या घागरीवर खडा मारावा तसा 'टण्' असा येतो आणि निलगिरीच्या झाडांत विरून जातो. आमच्या पुढच्या रांगेत एक जपानी दांपत्य बसले होते. रिंतारो सासाकी फलंदाजीला येई तेव्हा ते दोघे हातातले खाणे बाजूला ठेवून ताठ बसत. शालेय बेसबॉलमध्ये १४० होमरन मारलेला हा तरुण जपानच्या व्यावसायिक संघांकडे न वळता स्टॅनफर्डमध्ये शिकायला आला आणि २०२५ च्या हंगामात या संघातून खेळला. हानामाकी हिगाशी या त्याच्या शाळेत संघाचे प्रशिक्षक होते त्याचे वडीलच. शोहेई ओहतानीही त्यांचाच विद्यार्थी. मुलाने हे सांगितले तेव्हा मी विचारले, "म्हणजे याचा प्रत्येक सामना बापाने पाहिला असेल?" "बहुतेक," मुलगा म्हणाला आणि तक्त्यावर काहीतरी लिहू लागला.

तिसऱ्या डावात ती गोष्ट घडली. पाहुण्या संघाचा एक गडी तिसऱ्या बेसवर होता. फलंदाजाचा सरपटी फटका सरळ आमच्या शॉर्टस्टॉपकडे आला. हजार वेळा उचललेला असेल असा साधा चेंडू. तो त्याच्या हातमोज्याला लागून उसळला आणि मागे गेला. धाव झाली. मैदानावर क्षणभर शांतता पसरली. मग धावफलकावर एका रकान्यात शून्याच्या जागी एक उमटला. मुलाने तक्त्यावर 'ई ६' असे लिहिले.

बेसबॉलच्या धावफलकावर शेवटी तीन रकाने असतात: धावा, हिट आणि चुका. चुकांना जाहीर, कायमचा रकाना देणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर लोक हळहळतात, पण धावफलक त्याविषयी मौन पाळतो. येथे मात्र वीस वर्षांच्या त्या मुलाची चूक दिव्यांच्या अक्षरांत सर्वांपुढे पुढचे दीड-दोन तास तशीच राहणार होती. मला ती पद्धत निर्दय वाटली. तेवढ्यात प्रवेशद्वाराशी भेटलेली वृद्धा उभी राहिली आणि त्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवू लागली. आणखी काहींनी तिला साथ दिली. चुकीवर पांघरूण घालणाऱ्या त्या टाळ्या नव्हत्या. चूक तर फलकावर होतीच. 'ती लिहून झाली, आता पुढचा चेंडू बघ,' एवढेच त्या सांगत होत्या. पुढच्या डावात तसाच चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला. त्याने तो उचलला, फेकला, '६-३'. अगदी साधे काम, पण टाळ्या अशा झाल्या की जणू सामनाच जिंकला. टोपी सावरीत मीही त्या वाजवल्या.

आमच्या काव्यशास्त्राने रसिकाला 'सहृदय' हे नाव दिले. अभिनवगुप्ताने सहृदयाला वर्ण्य विषयाशी तन्मय होणारा म्हटले. आणि रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगताना, स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होणे हेही एक विघ्न मानले. वर्गात हे मी वर्षानुवर्षे शिकवले. तटस्थता आणि तन्मयता यांचा मेळ कसा घालावा, यावर विद्यार्थ्यांना प्रश्नही घातले. पण त्या वृद्धेला तटस्थता ठाऊक नव्हती. तिचा पक्ष ठरलेला होता आणि तरीही तिला सगळे स्वच्छ दिसत होते. चुकीला ती चूकच म्हणत होती. चाहता आंधळा असतो, अशी माझी समजूत होती. आता वाटले, आंधळा असतो तो अनुयायी. चाहता सगळे पाहतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी येतो.

मी मुलाला विचारले, "चूक कोण ठरवतो?" त्याने वरच्या कक्षाकडे बोट दाखवले. तेथे एक अधिकृत नोंदकार बसतो. सामान्य प्रयत्नाने जे साधायला हवे होते ते साधले नाही, तर ती चूक. असामान्य झेप घेऊनही चेंडू निसटला, तर ती चूक नव्हे. दहा वेळांपैकी तीन वेळा यशस्वी टोला मारणारा येथे उत्तम फलंदाज ठरतो. उरलेल्या सात अपयशांना कोणी चुका म्हणत नाही. मला माझी जुनी परीक्षणे आठवली. त्यांतल्या किती ठिकाणी मी झेप पाहिली होती आणि किती ठिकाणी केवळ निसटलेला चेंडू? एका कवीच्या पहिल्याच संग्रहातील वृत्तदोष मी चार पृष्ठे मोजले होते. त्याचा दुसरा संग्रह आला नाही. त्याला दुसरी कारणे असतील. पण मी पुढच्या चेंडूसाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, एवढे खरे.

सहाव्या डावात एक उंच फटका मधल्या क्षेत्रात गेला. तिथला क्षेत्ररक्षक प्रथम दोन पावले मागे सरला, मग चूक लक्षात येऊन पुढे धावला; चेंडू त्याच्यापुढे दोन हातांवर गवतात पडला. मी नव्या शिष्याच्या उत्साहाने म्हणालो, "ही चूक! लिही."

"नाही बाबा. हिट."

"अरे, पण त्याचा अंदाज साफ चुकला. आधीच पुढे आला असता तर सहज झेलला असता."

"अंदाज चुकला, उशीर झाला, याला चूक धरत नाहीत. तो चेंडूपर्यंत पोचलाच नाही ना." पेन्सिलीने छोटी रेघ ओढीत तो पुढे म्हणाला, "जो पोचतो आणि सोडतो, त्याच्याच नावावर चूक लागते."

त्याच्या आवाजात काहीही नव्हते. तो नियम सांगत होता. पण माझे सामन्यावरून लक्ष उडाले.

मुलगा दहावीत असताना त्याच्या शाळेचा संघ अंतिम फेरीत गेला होता. सामना मोतीबागेवर, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या त्या मैदानात, होता. आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटे. मी 'येतो' म्हणालो होतो. त्या दिवशी माझ्या ग्रंथाची मुद्रिते आली आणि मी ती तपासत बसलो. संध्याकाळी तो परतला तेव्हा मी मान वर करून 'काय झाले?' असे विचारले. 'हरलो' म्हणून तो आत गेला. त्याआधीच्याही सामन्यांना मी गेलो नव्हतो. पुढच्या वर्षी अभ्यासाचे निमित्त होऊन बॅट माळ्यावर गेली आणि मुलगा शहाणा झाला म्हणून मला बरे वाटले. मी त्याला कधी खेळू नको म्हटले नाही. रागावलो नाही, टोचून बोललो नाही. वडील म्हणून माझ्या नावावर कसलीही चूक नाही, असे मी इतकी वर्षे खुशाल धरून चाललो होतो, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मी पोचलोच नव्हतो.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळे प्रेक्षक उभे राहिले आणि गाऊ लागले. ही तेथली जुनी रीत आहे. 'टेक मी आउट टू द बॉल गेम', म्हणजे 'मला सामन्याला घेऊन चल', हे ते गीत. १९०८ साली जॅक नॉरवर्थ याने ते लिहिले, आणि तोवर त्याने असा सामना पाहिलेलाही नव्हता, असे म्हणतात. मूळ गीतात ही मागणी एक तरुणी आपल्या प्रियकराजवळ करते. पण पिढ्यान्पिढ्या ती मुलांची झाली आहे. भोवती लहान मुले बापांच्या खांद्यांवर बसून गात होती. मला शब्द येत नव्हते. मुलगा गात होता. घेऊन जाण्याची विनंती ज्याने करायची, त्यानेच येथे घेऊन आणले होते.

मघाचे ते विघ्न पुन्हा आठवले. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेला प्रेक्षक रसाला मुकतो, असे शास्त्र सांगते. त्या दुपारी मी पुरता विवश होतो आणि तरीही, किंवा म्हणूनच, शेवटचे तीन डाव मी ज्या एकाग्रतेने पाहिले, तशी एकाग्रता कित्येक वर्षांत एखाद्या संहितेलाही दिली नसेल. शास्त्र चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ते रंगभूमीसाठी सांगितलेले आहे. मैदानावर माणूस आपले ओझे बरोबर घेऊनच येतो आणि ते शेजाऱ्याच्या पिशवीशेजारी ठेवून बसतो.

नवव्या डावाच्या प्रारंभी मुलाने तक्ता आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "शेवटचा डाव तुम्ही लिहा." मी लिहिला. एके ठिकाणी ४ च्या जागी ५ लिहिले. त्याने ते खोडरबराने पुसून दिले. आम्ही दोन धावांनी हरलो. 'आम्ही' हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहीत आहे. ती वृद्धा पायऱ्या चढताना म्हणाली, "पुन्हा या," आणि मी "येईन" म्हणालो. हा शब्द मी पूर्वीही उच्चारलेला असल्याने तो उच्चारताना जरा अडखळलो.

निलगिरीच्या वाळलेल्या सालींवरून चालत आम्ही गाडीकडे निघालो. सूर्य कलला होता. पंधरावीस पावले गेल्यावर मी विचारले, "मोतीबागेवर त्या दिवशी किती केल्या होत्यास?"

कोणत्या दिवशी, असे त्याने विचारले नाही. थोडा वेळ चालत राहिला.

"शून्य. पहिल्याच चेंडूवर." मग हसून म्हणाला, "बरंच झालं तुम्ही नव्हतात ते."

मीही हसलो. पण त्याने शून्य केले, हे कळण्यासाठी मला वीसहून अधिक वर्षे लागली होती. आणि पहिल्या चेंडूवर बाद होऊन परतणाऱ्या मुलासाठी टाळ्या वाजवायला त्या मैदानावर त्याच्या घरचे कोणी नव्हते.

तो तक्ता आता बडोद्याला माझ्या टेबलाच्या खणात आहे. आठ डाव त्याच्या अक्षरात, नववा माझ्या थरथरत्या अक्षरात. शेवटी बेरजा आहेत. आमच्या बाजूच्या चुकांच्या रकान्यात त्याने एक असा आकडा लिहिला आहे. अधिकृत नोंद तशीच आहे. ती बदलण्याचा अधिकार मला नाही. आणि असता तरी, तो आकडा मी त्याच्या अक्षरातच राहू दिला असता.